नाइकापासून सरनोबतापर्यंत

नागपुराजवळच्या कामठी छावणींतील शिपायांत आजही नाईक, हवालदार, सुभेदार हे हुद्दे आहेत. यांपैकीं नाईक व हवालदार हीं नांवें शिवकालीन फौजेंतही रूढ होतीं.

कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरींत ती सारी चढण दिली आहे. पायदळांत ९ पाइकांवर एक नाईक असे. घोडदळांत २५ बारगिरांवर हवालदार, ५ हवालदारांवर जुमलेदार, त्यांवर हजारी, पंचहजारी आणि शेवटीं सरनोबत. जुमलेदारास सालीना ५०० होन मिळत. हजारीस १,००० व पंचहजारीस २,०००.

पण पायरी चढावयाची कशी? मोहिमेहून फौज परतली म्हणजे प्रत्येकाच्या कामगिरीची विचारपूस होई. शर्थ करणारास बढती व बक्षीस मिळे, कसूर करणाराचें पारिपत्य होई. १६७४ सालीं प्रतापराव गुजर नेसरीस पडले, तेव्हां महाराजांनीं हंसाजी मोहिते यांस हंबीरराव हा किताब देऊन सरनोबत केलें. हा सेनापति रणांगणांत तावून सुलाखून निघालेला होता.

पुढें सरंजाम वंशपरंपरेचे झाले. १७५५ मध्यें नागपूरकर पहिले रघूजी भोसले वारले आणि सेनासाहेबसुभा या पदासाठीं त्यांचे पुत्र जानोजी व मुधोजी आपसांतच भांडूं लागले. ज्या पदावर रघूजी स्वतःच्या तलवारीनें शोभले, तें आतां वारशाच्या वादाचा विषय झालें. पद पुत्रास देतां येतें. त्यामागची परीक्षा मात्र ज्याची त्यानेंच द्यावी लागते.