धूळ मोजण्याची गोष्ट



विषय धुळीचा आहे असे जाहीर होताच पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी खिशातून रुमाल काढलेला आम्ही पाहिला. त्यांनी तो खुशाल परत ठेवावा. आज जिच्याबद्दल बोलायचे आहे ती धूळ रुमालाला दाद देत नाही, आणि डोळ्यांना तर ती दिसतच नाही.

या विषयाकडे आम्ही पुस्तकांतून वळलो नाही. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत भरपाईचे अर्ज लिहिता लिहिता झाले. काही वर्षांपूर्वी असाच एक अर्ज आला. एका फाउंड्रीत वाळूचे साचे फोडणारा कामगार, वय त्रेचाळीस. दोन वर्षे दम्याची औषधे खाल्ली, आणि शेवटी छातीच्या फोटोत सिलिकोसिस निघाला. मालकांनी धूळमापनाचा अहवाल पुढे केला : धूळ मर्यादेच्या आत. आम्ही तो कागद चार ठिकाणी दाखवला. आकडा खोटा नव्हता. आकडा खरा आणि माणूसही आजारी, हे एकाच वेळी कसे, या कोड्याने आम्हाला इतिहासात ढकलले.

सुरुवात एका घड्याळाच्या लंबकापासून करावी लागते. केंब्रिजचे प्राध्यापक स्टोक्स हवा लंबकाला किती अडवते याचे गणित करीत होते. ते १८५१ साली छापले गेले, आणि त्यातच लहान गोल कण हवेतून किती वेगाने खाली येतो याचाही नियम निघाला. व्यास निम्मा झाला की वेग चौथाई होतो. ढग आकाशात का राहतात, हे स्टोक्स यांनी यावरूनच सांगितले. आपण ढग सोडून गारगोटीच्या कणाकडे येऊ. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. दहा मायक्रॉनचा कण नाकाच्या उंचीवरून जमिनीवर यायला स्थिर हवेत सुमारे तीन मिनिटे घेतो. एक मायक्रॉनच्या कणाला लागतात पाच तास. म्हणजे सकाळी आठला उडालेली धूळ दुपारी जेवणाच्या सुट्टीतही हवेतच असते. आणि कारखान्यातली हवा स्थिर कधी असते?

१८७० साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये टिंडल यांनी धूळ आणि रोग या विषयावर व्याख्यान दिले. श्रोते असेच, तुमच्या-आमच्यासारखे जमलेले. अंधारात प्रकाशाचा झोत टाकला की हवेतली धूळ चमकते. टिंडल यांनी त्या झोतात नळीतून सावकाश उच्छ्वास सोडला. उच्छ्वासाच्या शेवटी, जी हवा फुफ्फुसाच्या खोलातून येते, तिथे झोत काळा पडला. बाहेर येणाऱ्या हवेत धूळ उरलेली नव्हती. गेलेली धूळ आतच राहिली होती. आमच्या मते कामगाराच्या छातीचा पहिला जमाखर्च तो हाच.

पण खरी कसोटी लागली ती दक्षिण आफ्रिकेत, विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत. सोने १८८६ साली सापडले. तिथला खडक गारगोटीने भरलेला, आणि त्यात हवेच्या दाबाने चालणारी ड्रिल यंत्रे आली. बोअर युद्ध १९०२ साली संपले, तेव्हा युद्धाआधी ही यंत्रे चालवणारे कित्येक कुशल कामगार हयात नाहीत, हे सरकारच्या ध्यानात आले आणि चौकशी आयोग बसला. धूळ मोजायची तर प्रथम तिचे वजन करीत. साखर भरलेल्या नळीतून हवा ओढायची, साखर पाण्यात विरघळवायची, उरलेली धूळ गाळून काट्यावर ठेवायची. युक्ती सुरेख, पण तिच्यात एक खोट होती. दहा मायक्रॉनच्या एका कणाचे वजन एक मायक्रॉनच्या हजार कणांइतके भरते. नारळ आणि मोहरी एकाच पोत्यात भरून तोलली, तर मोहरी किती होती हे काटा काय सांगणार? १९१३ साली मॅक्रे या रसायनज्ञांनी सिलिकोसिसने मेलेल्यांच्या फुफ्फुसांची राख तपासली, तेव्हा आत सापडली ती मोहरीच. मोठे कण नाकाघशातच अडकलेले असणार.

तेव्हा मोहरी मोजणे आले. १९१६ साली खाण खात्याचे मुख्य अभियंता रॉबर्ट कोट्झे यांनी कोनिमीटर नावाचे हातात मावणारे यंत्र केले. चिकट लेप लावलेल्या काचेवर पाच घनसेंटिमीटर हवेचा फवारा आदळायचा, मग सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजायचे. यंत्र उत्तम; आम्ही त्याला नावे ठेवणार नाही. पण पाच घनसेंटिमीटर म्हणजे चहाचा एक चमचा हवा, तीही एका क्षणाची. तो क्षण निवडायचा कोणी? तिथे मोजणी खाणींच्याच माणसांकडे असे. यंत्र धुळीत भेद करीत नव्हते, कायदा मात्र माणसांत करी. गोऱ्या खाणकामगाराला वैद्यकीय मंडळाची नियमित तपासणी आणि निवृत्तिवेतन. आफ्रिकी कामगाराला हातावर एकरकमी पैसे, आणि करार संपला की गावाची वाट. त्याचा खोकला गावात मोजला जाई, म्हणजे मोजलाच जात नसे. या खाणकामगारांचा सामुदायिक दावा २०१८ साली तडजोडीला आला आणि २०१९ साली जोहान्सबर्गच्या न्यायालयाने ती मान्य केली. कोनिमीटर निघाल्यापासून शंभराहून अधिक वर्षे मध्ये गेली.

मोजणीचे पुढचे पाऊल इंग्लंडात पडले. तिथे कोळशाच्या खाणींचा प्रश्न होता. १९३५ साली ग्रीन आणि वॉटसन यांचे तापलेल्या तारेचे यंत्र आले. तारेजवळची धूळ थंड काचेवर जाऊन बसे, आणि अगदी बारीक कणही त्यातून निसटत नसत. पण कण मोजता मोजता माणसांचे डोळे जात, आणि दोघांच्या मोजण्या जुळत नसत. मग १९५२ साली तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने वेगळा विचार मांडला : तोलायचेच आहे तर आधी नारळ बाजूला काढा. हवा सपाट पट्ट्यांच्या थरांमधून संथपणे ओढायची. स्टोक्सच्या नियमाप्रमाणे जड कण वाटेत पट्ट्यांवर बसतात, आणि छातीपर्यंत पोचू शकणारे तेवढे पुढे जाऊन गाळणीवर जमतात. नाकाघशाची नक्कलच ती. कण चपटा की गोल, याची पंचाईत नको. पाण्याच्या घनतेचा केवढा गोळा त्याच वेगाने पडेल, तेवढा त्याचा आकार धरायचा. पाच मायक्रॉनचे निम्मे कण आत जातात, सातच्या पुढचे जात नाहीत, असे ठरले. १९५९ साली जोहान्सबर्गच्या परिषदेने हे मान्य केले. हजारो खाणकामगारांच्या छातीचे फोटो वर्षानुवर्षे काढून ताडून पाहिले, तेव्हा रोगाशी जुळले ते या निवडलेल्या धुळीचे वजन, कणांची संख्या नव्हे. हे १९७० साली प्रसिद्ध झाले.

आपल्याकडे १९८७ साली फॅक्टरी कायद्याला जी दुसरी अनुसूची जोडली गेली, तीत गारगोटीच्या धुळीला तिन्ही मापे दिली होती : कणांची संख्या, छातीत जाणाऱ्या धुळीचे वजन आणि एकूण धुळीचे वजन. तिन्ही मर्यादा धुळीत गारगोटी किती टक्के, यावर ठरत. शुद्ध गारगोटी असेल तर छातीत जाणाऱ्या धुळीची मर्यादा घनमीटरला मिलिग्रॅमचा सुमारे दहावा भाग. माणूस कष्टाच्या पाळीत साधारण दहा घनमीटर हवा घेतो. म्हणजे दिवसाला एक मिलिग्रॅम. हे वाचल्यावर आम्ही तो फाउंड्रीचा अहवाल पुन्हा उघडला. एकूण धूळ तोललेली होती. गारगोटीच्या टक्क्याचा रकाना कोरा होता. आणि यंत्र ठेवल्याची जागा लिहिली होती : ऑफिसच्या दरवाजाजवळ.

१९६० साली इंग्लंडातल्या अणुऊर्जा खात्यात शेरवूड आणि ग्रीनहॉल यांनी कमरेला बांधायचा छोटा पंप आणि कॉलरला लावायची गाळणी प्रसिद्ध केली. खोलीत ठेवलेल्या यंत्रापेक्षा कॉलरवरचा आकडा जास्त येतो, हे त्यातून दिसले. काम करणारा धुळीजवळ वाकतो, यंत्र वाकत नाही. आम्ही तीच मागणी लावून धरली. वर्षभर पत्रे झाली, दोन बैठका मोडल्या, एकदा गेटवर धरणेही धरावे लागले. अखेर बाहेरची माणसे पंप घेऊन आली.

साचे फोडण्याच्या जागी आजारी कामगाराच्या बदलीला आलेला पोरगा होता. त्याच्या कमरेला पंप बांधला, कॉलरला गाळणी लावली. त्याने विचारले, हे कधी काढायचे? पाळी संपल्यावर, जेवायच्या सुट्टीत हवे तर बंद करू, असे उत्तर मिळाले.

"बंद करू नका," तो म्हणाला, "आम्ही जेवतो ते इथेच."