मरीन प्लाय म्हणजे नक्की काय? पनवेलच्या चाकांपासून किचन ट्रॉलीपर्यंत

आजचा एपिसोड जरा घरगुती आहे. आमच्या पनवेलच्या घरातलं किचन नव्यानं करायचं ठरलंय. तीन जणांनी कोटेशन दिलं. तिघांचंही वाक्य एकच, "सगळं मरीन आहे, काळजीच करू नका." आणि सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग यांत जवळपास दुपटीचा फरक. आई-बाबांच्या साठवलेल्या पैशांतून हे होणार आहे, त्यामुळे "बघू, काय होईल ते होईल" म्हणायची सोय नाही. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. एकाच नावाच्या तीन गोष्टी तीन वेगळी उत्तरं देत असतील तर नाव बाजूला ठेवून आत काय चाललंय ते बघायचं, ही तिथली सवय. म्हणून लाकूडकामाचा इतिहास वाचायला घेतला आणि पहिलाच धक्का आपल्याच गावानं दिला.

१९०८ साली छापलेल्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये कुलाबा जिल्ह्याचे, म्हणजे आजच्या रायगडचे, उद्योगधंदे दिलेत. मीठ आहे, चौलचं रेशीम आहे, तेल आणि काथ्या आहे. आणि मग एक वाक्य येतं की पनवेलला गाडीची चाकं बनवण्याचा धंदा बऱ्यापैकी महत्त्वाचा आहे. चाकं! आपण पनवेल म्हटलं की एक्सप्रेसवे, लोकलचा शेवटचा स्टॉप आणि टॉवर्स आठवतो. पण मुंबईहून पुण्याला जायचं तर पूर्वी होडीनं पनवेलच्या खाडीत उतरायचं आणि पुढे घाट चढायचा. १८३० साली गव्हर्नर जॉन माल्कमनं बोरघाटाचा गाडीरस्ता सुरू केला आणि बैलगाड्यांची रांग लागली. गाड्या आल्या की चाकं मोडणार, चाकं मोडली की सुतार-लोहार लागणार. १८६३ मध्ये रेल्वे कर्जतवरून घाट चढली, पनवेल बाजूला पडलं. तरी त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षांनीही हा धंदा सरकारी पुस्तकात नोंदवण्याइतका टिकून होता.

आता हे चाक कसं बनायचं ते ऐका, कारण आजचा अर्धा विषय त्यातच आहे. मधे तुंबा, त्यात ठोकलेले आरे, बाहेर लाकडाचे वाकडे तुकडे जोडून केलेला गोल, आणि त्यावर लोखंडाची धाव. धाव मुद्दाम जरा लहान ठेवायची. भट्टीत लाल केली की ती फुगते, तेवढ्यात चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि सगळे सांधे एकमेकांत आवळले जातात. फेव्हिकॉल नाही, स्क्रू नाही. लाकूड बाभळीसारखं चिवट लागायचं हे खरं, पण नुसतं लाकूड चांगलं असून चाक टिकत नाही. सांधा ढिला असेल तर घाटाच्या पहिल्या वळणावर हिशोब लागतो. गिऱ्हाईकही हुशार असणार, कारण खराब चाकाची किंमत त्यालाच भरावी लागायची.

किचनकडे येऊ. आपल्या आजी-पणजीच्या स्वयंपाकघरात कॅबिनेट नव्हतं, पण सामान ठेवायची व्यवस्था होतीच. जाड भिंतीत बसवलेलं फडताळ, ताटं-वाट्यांची मांडणी, वर माळा, मांजराच्या भीतीनं टांगलेलं शिंकं. लोक म्हणतात, "पूर्वीचं सागवान होतं, म्हणून टिकलं." साग टिकतो, वाद नाही. त्याच्यात तेल असतं आणि ओल-उन्हात तो फारसा फुगत-आकसत नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागाची बांधलेली एचएमएस त्रिंकोमाली १८१७ साली पाण्यात उतरली, ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे.

पण फडताळ टिकण्याचं दुसरं कारण मला जास्त पटतं, आणि ते कुणी फार बोलत नाही. फडताळ एका भिंतीत आणि मोरी दुसऱ्या कोपऱ्यात. पाणी आणि लाकूड यांची रोजची गाठच पडत नव्हती. १९५५ साली मुंबईत बर्मा शेलनं घरगुती गॅस आणला, मग हळूहळू स्वयंपाक जमिनीवरून ओट्यावर चढला, मोरीचं सिंक झालं आणि तेही ओट्यातच बसलं. म्हणजे आपण पाण्याचा नळ थेट कपाटाच्या डोक्यावर आणून ठेवला. सुरुवातीला त्याचा त्रास झाला नाही, कारण ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे असायचे. कडप्पा म्हणजे दगड, भिजला तर भिजला. नंतर स्टीलच्या ट्रॉल्या आल्या, मग "मॉड्युलर" हा शब्द आला, आणि कडप्पा काढून त्या जागी प्लायची खोकी आली. सिंकच्या खालीसुद्धा.

प्लायची कल्पना मात्र भारी आहे. लाकडाचे पातळ पापुद्रे काढायचे आणि एकावर एक असे चिकटवायचे की एकाचे तंतू आडवे, दुसऱ्याचे उभे. मग फळी एका दिशेनं फुगायला बघते तेव्हा शेजारचा थर तिला धरून ठेवतो. सगळी भिस्त गोंदावर. आणि गोंद हीच जुनी दुखरी जागा. आपले सुतार पूर्वी सरस वापरायचे, जनावरांच्या कातडी-हाडांचा, गरम करून लावायचा. पाणी लागलं की संपलं. १९५९ साली फेव्हिकॉल आला आणि सरसाचं भांडं दुकानातून गेलं. पण साधा पांढरा फेव्हिकॉलही पाण्यात कायम टिकणारा नव्हे, म्हणून त्याचा मरीन प्रकार वेगळा मिळतो. पाण्याला खरंच दाद न देणारा गोंद आला तो बेकलंडच्या बेकेलाइटच्या कुळातून, फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून. १९३४ साली अमेरिकेत जेम्स नेव्हिननं प्लायसाठी पूर्णपणे वॉटरप्रूफ गोंद तयार केला आणि प्लाय बाहेरच्या कामाला, बोटींना वापरता यायला लागला.

आणि इथे या एपिसोडमधली माझी सगळ्यात आवडती गोष्ट येते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांचं मॉस्किटो नावाचं विमान होतं. डी हॅविलंड कंपनीचं, चक्क लाकडाचं. बर्चच्या प्लायच्या दोन थरांमध्ये हलकं बाल्सा लाकूड, सगळं चिकटवलेलं. त्या काळातल्या सर्वांत वेगवान विमानांपैकी एक. १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये पूर्वेकडच्या आघाडीवर यातली काही विमानं कोसळली. संशय लगेच दोन गोष्टींवर गेला. एक, केसिन म्हणजे दुधातल्या प्रथिनाचा गोंद, आणि दुसरं, आपलं हवामान. ऊन, मॉन्सून. कंपनीच्या बाजूनं हेरवर्ड डी हॅविलंड यांचं पथक भारतात आलं आणि त्यांनी डिसेंबरात अहवाल दिला की गोंद खराब झालेला नाही, पावसाळ्यामुळे सांगाडा आकसला. दोष पावसाचा!

पण पुढच्या चौकशीत निष्कर्ष वेगळा निघाला. सदोष बांधणी. मग ब्रिटिश विमान उत्पादन मंत्रालयानं इंग्लंडमध्येच आणखी विमानं तपासली, तेव्हा तसेच दोष तिथेही सापडले. त्या विमानांनी मॉन्सून कधी पाहिलाच नव्हता.

हे वाचून मी हसलो आणि मग आमच्या मजल्यावरच्या एका काकूंचं किचन आठवलं. दुसऱ्याच पावसाळ्यात त्यांच्या सिंकखालच्या कपाटाचा तळ पापडासारखा फुगला. करणाऱ्याचं उत्तर काय? "पनवेलचा पाऊस हो, काय करणार." मी टॉर्च घेऊन आत पाहिलं. समोरून लॅमिनेट चकाचक, आणि मागची नि खालची कड उघडी. पाइपसाठी पाडलेल्या भोकाची कडही तशीच कोरी. पाणी तिथून प्यायलं होतं. आत ट्रॉलीभर पितळी डबे, काकूंच्या आईचे. ते आता हॉलमध्ये पेपरवर मांडून ठेवलेत.

बरं, मग "मरीन" म्हणजे काय? आपल्याकडे आयएस ३०३ हे साध्या प्लायचं मानक आहे, त्यात एमआर आणि बीडब्ल्यूआर अशा दोन ग्रेड. एमआर दमटपणा सोसतो, रोजचं पाणी नाही. आयएस ७१० हे मरीन प्लायचं. त्याचा नमुना ७२ तास उकळून बघतात. पाटीवर किंवा शिक्क्यात "मरीन" लिहायला शाई पुरते, पण आयएसआय मार्कसोबत ७१० हा आकडा आणि सीएम/एल पासून सुरू होणारा लायसन्स नंबर हवा. तो नंबर बीआयएस केअर नावाच्या ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव आणि लायसन्स चालू आहे की नाही ते दिसतं. ऐकता ऐकता करून बघा, मिनिटभराचं काम आहे.

आम्ही तिघांकडून हातभर तुकडे मागितले. एकानं द्यायला टाळाटाळ केली, तिथेच निम्मं कळलं. रविवारी आईनं एक जुनं पातेलं दिलं, "हे परत स्वयंपाकाला आणू नकोस" म्हणून बजावलं, आणि सहा तास तुकडे उकळले. ७२ तासांचा गॅस परवडला नसता. एक तुकडा तिसऱ्या तासाला पुस्तकासारखा उघडला. घरभर वास सुटला तो वेगळा, खिडक्या उघड्या ठेवूनच करा. उरलेल्या दोन्हींचे करवतीनं काप काढले. एकात थरांच्या मधे नखभर पोकळ्या होत्या. स्क्रू नेमका तिथे गेला तर बिजागरी किती दिवस धरणार?

या पोकळ्यांनाही इतिहास आहे. भारतात प्लायचा धंदा वाढला तो आसामच्या चहाच्या पेट्यांसाठी, ईशान्येच्या जंगलातल्या लाकडावर. १२ डिसेंबर १९९६ ला सुप्रीम कोर्टानं गोदावर्मन खटल्यात आदेश दिला, तिथली तोड थांबली आणि अनेक गिरण्या बंद पडल्या. धंदा सरकला हरयाणातल्या यमुनानगरकडे, शेताच्या बांधावरच्या पॉप्लर आणि निलगिरीकडे, आणि केरळात पेरुंबावूरला रबराच्या झाडांकडे. जंगलाच्या दृष्टीनं हे बरंच झालं असं माझं मत. पण झाडं बारीक, लवकर तोडलेली, त्यामुळे आतले थर तुकडे जोडून भरावे लागतात. चांगला कारखाना ते नीट जोडतो, वाईट कारखाना फटी सोडतो, आणि वरच्या गुळगुळीत पापुद्र्याखाली दोन्ही सारखेच दिसतात.

पार्टिकल बोर्डला मी शिव्या घालणार नाही. जर्मनीत माक्स हिमेलहेबर यांनी लाकडाचा भुसा-कचरा वाया जाऊ नये म्हणून तो आणला, आणि आपल्या सोलापूरकडे उसाच्या चिपाडापासून तसा बोर्ड झालाय. कोरड्या जागी, कडा नीट बंद केल्या तर चालतो. १९२६ मध्ये मार्गारेटं श्युटं-लिहोट्स्की यांनी फ्रँकफर्टच्या कामगारांच्या घरांसाठी जे किचन आखलं, त्यात पिठाचे खण ओकचे होते, कारण ओकमधल्या टॅनिनमुळे किडे लांब राहतात, आणि बाकी धान्यासाठी ॲल्युमिनियमचे खण. त्या बाईंनी "सगळं ओक आहे" म्हटलं नाही. जागा बघून माल ठरवला.

आमच्याकडेही शेवटी तसंच ठरलंय. सिंकखालचा कडप्पा काढायचा नाही, त्याला फक्त ॲल्युमिनियमच्या फ्रेमची दारं. बाकी खाली ७१० चा प्लाय, पाठीमागची फळीसुद्धा त्याचीच, जमिनीपासून चार इंच वर, स्टीलच्या पायांवर. वरच्या कपाटांना साधा बीडब्ल्यूआर. आणि कोटेशनवर एक ओळ हातानं लिहून घेतली की प्रत्येक कड, दिसणारी आणि न दिसणारी, बंद करून मिळेल. ती ओळ लिहिताना मिस्त्री थोडे रागावले, पण सही केली.

पनवेलच्या चाकवाल्यांबद्दल मला अजून खूप शोधायचंय. जुन्या पनवेलमध्ये कुणाच्या घरी तसं चाक, धाव चढवायची हत्यारं किंवा भिंतीतलं जुनं फडताळ असेल तर फोटो पाठवा. फडताळाचा असेल तर दार उघडून, आतला सांधा दिसेल असा काढा.