गोल चित्राला घर हवे

एका जागी उभे राहून स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घ्यावी आणि जे जे दिसले ते सारे एका सपाट कागदावर, यथार्थदर्शनाचे नेहमीचे नियम पाळून, काढावे. हे जमेल का? नववी-दहावीच्या वर्गाला हा प्रश्न जरूर घालून पाहावा. पहिले उत्तर बहुधा ‘कागद मोठा घ्यायचा’ असे येते. मग फळ्यावर आकृती काढावी. डोळ्यापासून १ मीटर अंतरावर एक उभी काच आहे. अगदी समोरच्या दिशेशी ४५ अंशांचा कोन करणारे झाड काचेच्या मध्यापासून १ मीटरवर दिसेल, ६० अंशांवरचे १.७३ मीटरवर, ८० अंशांवरचे ५.६७ मीटरवर. हे आकडे म्हणजे त्या त्या कोनाचे टॅन आहेत, हे मुलांच्या लक्षात येईलच. बरोबर ९० अंशांवरच्या झाडाला मात्र कितीही लांब काच पुरत नाही. पाठीमागच्या झाडांची गोष्टच सोडा.

तेव्हा सगळ्या दिशांचे दृश्य हवे असेल तर कागद वाकवावा लागतो, आणि वाकवलेल्या कागदाच्या मधोमध पाहणाऱ्याला उभे राहायला जागा लागते. ही जागा कोणी पुरवायची, हा प्रश्न दोनशेहून अधिक वर्षे या चित्रांच्या मागे लागलेला आहे. आज मोबाईलच्या पडद्यावर बोटाने फिरवून पाहतो त्या चित्रांनाही तो सुटलेला नाही.

एडिंबरा येथे राहणाऱ्या रॉबर्ट बार्कर या आयरिश चित्रकाराने १७८७ साली यावर एक पेटंट मिळवले. ते नुसत्या चित्राचे नव्हते. वर्तुळाकार इमारत, तिच्या आतल्या बाजूने सलग चित्र, मध्ये प्रेक्षकांसाठी चौथरा, वरून येणारा प्रकाश, चित्राच्या कडा दिसू नयेत अशी आडोशाची सोय आणि प्रेक्षकांनी चित्राजवळ जाऊ नये म्हणून कठडा, हे सारे त्यात होते. बार्करने चित्र आणि घर यांचा विचार एकत्रच केला होता. १७९३ साली लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्याची दुमजली गोल इमारत उभी राहिली. ‘सर्व’ आणि ‘दृश्य’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून ‘पॅनोरमा’ हा शब्दही त्याच सुमारास रूढ झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशी चित्रे गावोगावी दाखवणाऱ्या कंपन्या निघाल्या. एका शहरातले प्रेक्षक पाहून संपले की कापड गुंडाळायचे आणि दुसऱ्या शहरी न्यायचे, हा त्यांचा व्यवसाय. पण तिथल्या इमारतीचा घेर वेगळा निघाला तर? म्हणून साधारण १५ मीटर उंच आणि १२० मीटर लांब असे माप ठरत गेले. (परीघ १२० मीटर तर व्यास किती? ३८ मीटरच्या थोडा वर येतो.) कापड एकीकडे रंगवा, घर दुसरीकडे बांधा, माप जुळले की झाले.

माप न जुळल्यावर काय होते याचे उदाहरण स्वित्झर्लंडमध्ये पाहायला मिळते. १८७१ साली फ्रान्सचे हरलेले सैन्य स्विस हद्दीत आश्रयाला आले. तो प्रसंग एदुआर कास्त्रेस याने १८८१ साली जिनिव्हात रंगवला. १८८९ साली ते चित्र ल्युसर्नला आले. तिथल्या इमारतीचा उपयोग पुढे बदलत गेला, एकेकाळी तिथे मोटारींचे गॅरेजही होते. मूळच्या सुमारे १५ मीटर उंचीपैकी आज सुमारे १० मीटरच शिल्लक आहे. घर बदलले आणि चित्राला कात्री लागली. त्याच १८८१ सालातले हेन्ड्रिक विलेम मेस्दाख याचे समुद्रकिनाऱ्याचे चित्र मात्र नेदरलँड्समधील हेग शहरात आपल्या मूळ घरातच आहे. चित्रपट आल्यावर बाकीची बहुतेक घरे ओस पडली.

संगणकावर पॅनोरमा आला तो १९९०च्या दशकाच्या मध्यावर. ॲपल कंपनीतील शेंचांग एरिक चेन यांनी १९९५च्या सिग्राफ परिषदेत एक निबंध सादर केला. त्यात वर्णन केलेल्या पद्धतीचे नाव क्विकटाइम व्हीआर. तिवईवर कॅमेरा ठेवून तो थोडाथोडा फिरवत फोटो घ्यायचे, ते संगणकाने एकमेकांना जोडून एक लांब पट्टी करायची आणि ती एका काल्पनिक वृत्तचितीला आतून चिकटवायची. पाहणारा मध्ये. माऊस डावी-उजवीकडे ओढला की पडद्यावर तेवढाच भाग सरळ करून दिसतो.

इथे वृत्तचितीच का घेतली हे सांगण्याजोगे आहे. आपण क्षितिजाकडे पाहत असलो तर वृत्तचितीवरची प्रत्येक उभी रेषा पडद्यावरही उभीच राहते. म्हणजे पडद्याचा एक उभा स्तंभ रंगवायला मूळ चित्राचा एकच स्तंभ घेऊन लहान-मोठा केला की काम भागते. तेव्हाच्या मंद संगणकांना एवढेच झेपत होते. ते स्तंभ पटकन हाती लागावेत म्हणून चित्र चक्क ९० अंशांतून फिरवून, तुकडे करून फाइलमध्ये ठेवत. हुशारीच म्हणायची, पण तिचा एक परिणाम झाला. क्विकटाइमखेरीज इतरांना ती फाइल वाचणे अवघड झाले. सीडीवर हे चालून गेले. वेबपानावर दाखवायचे तर प्रत्येक वाचकाकडे क्विकटाइमचे प्लग-इन, म्हणजे ब्राउझरला बाहेरून जोडायचा भाग, असावे लागे. नसेल तर चित्राच्या जागी तुटक्या चौकोनाची खूण.

याच काळात ‘एकदा लिहा, कुठेही चालवा’ अशी ग्वाही देत जावा ही भाषा आली होती. जर्मनीतील फुर्टवांगेन येथे शिकवणारे प्राध्यापक हेल्मुट डेर्श यांनी १९९८ साली फोटो जोडण्याची ‘पॅनोरमा टूल्स’ ही साधने तयार केली, आणि जोडीला चित्र दाखवणारा एक छोटा जावा कार्यक्रम. तो साधी जेपेग फाइलच वाचत असे. ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. चित्र सर्वांना उघडता येईल अशा रूपात राहिले आणि घर वेगळे झाले. २००१ साली आयपिक्स या कंपनीने पेटंटचा बडगा उगारल्यावर डेर्श यांनी हे काम थांबवले. आयपिक्स २००६ साली दिवाळखोरीत गेली. डेर्श यांची साधने मात्र खुल्या स्वरूपात इतरांनी पुढे नेली, ‘हुगिन’ हा मोफत कार्यक्रम आजही त्यांच्या पायावर उभा आहे.

पुढची काही वर्षे फ्लॅशची होती. हे प्लग-इन बहुतेक संगणकांवर आधीच असे, त्यामुळे चित्र पाठवणाऱ्याची मोठी काळजी मिटली. २००७ साली गुगलने अमेरिकेतल्या काही शहरांतले रस्ते सर्व बाजूंनी दाखवायला सुरुवात केली तीही फ्लॅशमधूनच. त्याच वर्षी आलेल्या आयफोनवर मात्र फ्लॅश नव्हते, आणि ते येणारही नाही हे स्टीव्ह जॉब्ज यांनी एप्रिल २०१०मध्ये उघड पत्र लिहून सांगितले. आता एकाच चित्रासाठी दोन घरे बांधणे आले. संगणकासाठी फ्लॅश, आणि आयफोनसाठी सहा चौकोनी चित्रांचा घन, जो तिथला ब्राउझर स्वतःच अवकाशात फिरवू शकत असे. घनाची प्रत्येक बाजू म्हणजे ९० अंशांचे नेहमीचे सपाट चित्र. मध्यापासून कडेपर्यंत ४५ अंश, टॅन १. सुरुवातीच्या काचेची आठवण व्हावी.

मार्च २०११मध्ये वेबजीएलचे पहिले मानक जाहीर झाले. यात प्लग-इन लागत नाही, ब्राउझरच संगणकातल्या चित्र काढणाऱ्या चिपशी बोलतो. पडद्यावरच्या प्रत्येक चित्रबिंदूसाठी ‘ही दिशा कोणती?’ हे विचारायचे, त्या दिशेचे रेखांश-अक्षांश काढायचे आणि मूळ चित्रात तिथला रंग पाहायचा. लाखो बिंदूंसाठी हा हिशेब सेकंदाला साठ वेळा होऊ शकतो. मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरमध्ये वेबजीएल २०१३ साली आले, आयफोनच्या ब्राउझरमध्ये २०१४ साली. तेव्हा कुठे एकच पान सगळीकडे चालू लागले. तरी बारीक कुरबुरी आहेतच. चिपला एका वेळी किती रुंद चित्र घेता येईल याला मर्यादा असते. अनेक मोबाईलवर ती ४०९६ बिंदूंची होती. त्यामुळे ८००० बिंदू रुंदीचे चित्र टेबलावरच्या संगणकावर सुरेख दिसावे आणि मोबाईलवर नुसता अंधार, असे घडे. उपाय म्हणजे चित्राचे तुकडे करणे. आणखी एक खोडी शिक्षकांना हमखास भेटते. पेन ड्राइव्हवर आणलेले पान दोनदा टिचकी मारून उघडले तर चित्र येत नाही, तेच पान संकेतस्थळावरून उघडले तर येते. चित्र बिघडलेले नसते. डिस्कवरच्या फाइली कोणत्याही पानाला वाचता येऊ नयेत म्हणून ब्राउझरनेच ती वाट बंद केलेली असते.

आणि जुनी घरे? ॲपलने २००९ साली नव्याने लिहिलेल्या क्विकटाइममध्ये व्हीआर नव्हते. २०१६ साली विंडोजवरचे क्विकटाइम सुरक्षिततेसाठी काढून टाका, असा इशारा अमेरिकी शासनाच्या संगणक-सुरक्षा विभागाने दिला. ब्राउझरमधला जावा २०१८ साली ओरॅकलने काढून टाकला. फ्लॅशचा शेवट ३१ डिसेंबर २०२० ला झाला. तोवर या घरांत किती वास्तूंची, मंदिरांची, उत्खननांची चित्रे ठेवली गेली होती, याची कल्पना करून पाहा. ज्यांनी मूळ अखंड चित्र जपून ठेवले त्यांना ते नव्या घरात लावता आले. ज्यांच्यापाशी फक्त तयार फाइल उरली त्यांना जुने संगणक शोधत फिरावे लागते. गुगलने मूळ चित्रे राखली होती, म्हणून २००७ सालचे रस्ते आजही पाहता येतात. भारतात तो उपक्रम २०११ साली बंगळुरूत अडला आणि जुलै २०२२मध्ये मुंबई, पुणे, नाशिक आदी शहरांपासून नव्याने सुरू झाला. त्या चित्रांना फ्लॅशचा वाराही लागलेला नाही.

हे ‘मूळ अखंड चित्र’ बहुतेक वेळा एकाच साच्यात असते. रुंदी उंचीच्या दुप्पट, कारण आडवे ३६० अंश आणि उभे १८० अंश. रेखावृत्ते उभ्या समान रेषा, अक्षवृत्ते आडव्या समान रेषा. भूगोलाच्या शिक्षकांना ही जाळी ओळखीची वाटेल. टॉलेमीने हिचे श्रेय टायर नगरीच्या मारिनसला दिले आहे, म्हणजे ती सुमारे १९०० वर्षांची झाली. दोष तिचे जुनेच आहेत. ६० अंश अक्षवृत्ताचा परीघ विषुववृत्ताच्या निम्मा, पण जाळीत दोघांची लांबी सारखी, म्हणून तिथले सारे आडवे दुप्पट ताणले जाते. चित्राची सर्वांत वरची ओळ तर डोक्यावरचा एकच बिंदू आहे. नकाशा म्हणून ही जाळी मला कधी आवडली नाही, पण साठवणीसाठी हिच्याइतकी सोपी दुसरी नाही.

अजून न बांधलेल्या इमारतीचे चित्र संगणकाकडून काढून घेतात तेव्हा तर कॅमेराही नसतो आणि फोटो जोडणेही नसते. प्रत्येक चित्रबिंदू ही एक दिशा, त्या दिशेने एक किरण सोडायचा आणि तो कुठे आदळतो ते पाहायचे. ब्लेंडर या मोफत कार्यक्रमात हे करता येते, आणि निघते ते याच जाळीतले साधे चित्र.

उरतो एक बारीक मुद्दा. हे चित्र वाकवून पाहायचे आहे, हे पाहणाऱ्या यंत्राला कळणार कसे? गुगलने २०१२ साली यासाठी जेपेग फाइलमध्येच अदृश्य टिपण घालण्याची पद्धत आणली. चित्र कोणत्या प्रक्षेपणातले आहे, हे त्यात लिहिलेले असते. अनेक संदेशसेवा चित्र पुढे पाठवताना हे टिपण पुसून टाकतात. मग मित्राच्या मोबाईलवर पोहोचते ती ओढून ताणलेली पट्टी. अशा वेळी चित्रासोबत ‘३६० बाय १८०’ एवढे शब्दांत लिहून पाठवावे, किंवा फाइलच्या नावातच घालावे.

ही जाळी वर्गात हाताने काढता येते. समजा खोली ६ मीटर बाजूची चौरस आहे, छत ३ मीटरवर, पाहणारा मधोमध आणि त्याचा डोळा दीड मीटरवर. १०८ सेंटिमीटर लांब व १८ सेंटिमीटर रुंद कागदी पट्टी घ्या, १० अंशांना ३ सेंटिमीटर, मध्ये आडवी क्षितिजरेषा. भिंत आणि छत जिथे मिळतात ती कड भिंतीच्या मध्यावर क्षितिजापासून २६.६ अंश वर, म्हणजे पट्टीवर ८ सेंटिमीटर. तिथून ३० अंश बाजूला ती ७ सेंटिमीटर भरते आणि कोपऱ्यात, ४५ अंशांवर, ५.८ सेंटिमीटर. हे बिंदू जोडले की सरळ छताच्या चार कमानी होतात. आता चित्र आत ठेवून पट्टीची टोके चिकटवा आणि ते कडे डोक्याभोवती धरून एक डोळा मिटा. डोळा बरोबर मध्यावर, क्षितिजरेषेच्या पातळीत आला की कमानी जवळजवळ सरळ दिसतात, तो जरा बाजूला गेला की पुन्हा वाकतात.