गाझानखानाचा दिरहम

इ. स. १२९४ ची गोष्ट. खजिना रिता झाला म्हणून इराणचा मोंगल राजा गैखातू याने चीनच्या धर्तीवर कागदी चलन काढले. नाकारील त्याला देहदंड! तब्रीझच्या व्यापाऱ्यांनी दुकानेच बंद केली. लोकांना अन्न मिळेना. दोनएक महिन्यांत तो कागद मागे घ्यावा लागला. इस्लाम स्वीकारून १२९५ मध्ये गादीवर आलेल्या गाझानखानाने मात्र राज्यभर एकाच वजनाचा, सुमारे २.१६ ग्रॅमचा, चांदीचा दिरहम पाडला. सहा दिरहमांचा एक दिनार. एका बाजूस अरबीत कलमा, दुसऱ्या बाजूस मोंगलांच्या लिपीत ‘आकाशाच्या सामर्थ्याने’. लिप्या निराळ्या, पण वजन एक. म्हणून रयतेला ते नाणे मोजून घेता येई. हुकुमाला जे साधले नाही, ते चोख चांदीने साधले.