परतूर ते पानिपत : देहाच्या उष्णतेचा हिशेब

१/ मार्च १७६०. जुन्या जालन्याच्या आग्नेयेस असलेल्या परतूरहून, म्हणजे तेव्हाच्या पाटदूरहून, सदाशिवरावभाऊ उत्तरेकडे निघाले. उदगीरचा विजय ताजा होता. दहाच महिन्यांत या मोहिमेचा पानिपतावर अंत झाला. ‘मराठे थंडीमुळे हरले’ असे सर्रास म्हटले जाते. देहधर्माच्या कसोटीवर हे विधान तपासून पाहू.

२/ आधी उन्हाळा. चैत्र-वैशाखात बऱ्हाणपूर, माळवा ओलांडत फौज ग्वाल्हेरकडे सरकली. श्रम करणारा स्नायू अन्नातील ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा कामी लावतो. उरलेल्याची उष्णता होते. ती बाहेर टाकण्यासाठी त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि घाम सुटतो.

३/ हवा त्वचेहून तप्त झाली की घामाचे बाष्पीभवन हाच एक मार्ग उरतो. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. म्हणजे उन्हाळी कूच पाण्यावर चालते. सवयीचाही लाभ होतो: आठ-पंधरा दिवसांत शरीर लवकर घामेजू लागते आणि घामातून मीठ कमी गमावते.

४/ ऑगस्टमध्ये दिल्ली, ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा हाती आले. पुढे पानिपतावर कोंडी झाली. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसद आटली.

५/ तेथे पौषाच्या रात्री पारा अनेकदा दहा अंशांखाली उतरतो. अशा वेळी त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात, हुडहुडी भरते. हुडहुडी म्हणजे स्नायूंनी ऊब निर्माण करण्यासाठी केलेले श्रमच. त्यांनाही इंधन लागते. उपाशी देहाजवळ तेच नसते.

६/ १४ जानेवारी १७६१. सकाळी सुरू झालेल्या युद्धात दुपारपर्यंत मराठ्यांचा जोर होता. लढणारा देह स्वतःच तापतो, त्यामुळे रणांगणावर थंडी हा मुख्य शत्रू नव्हता. आठवड्यांची उपासमार मात्र होती. विश्वासराव गोळी लागून पडले, फळी फुटली. तेव्हा दमलेल्या फौजेजवळ पुन्हा उभे राहण्याचे त्राण उरले नव्हते.

७/ तेव्हा दोष एकट्या थंडीला देणे अन्यायाचे ठरेल. थंडी शत्रूच्या छावणीतही होती. तिच्याकडे दाणागोटा होता. उन्हात पाणी आणि थंडीत अन्न, हे देहाचे दोन आधार. पानिपतावर दुसरा तुटला. पराभवाला इतर कारणेही होतीच. पण रसदेची वाट तुटली, त्या दिवसापासून प्रत्येक सैनिकाच्या देहात ही लढाई हरली जात होती.