गॉयडरची रेषा

धान्याच्या इतिहासात राजांच्या आणि बाजारांच्या कथा पुष्कळ सापडतात. पावसाने आखलेल्या सीमांची कथा मात्र क्वचित सांगितली जाते. अशी एक सीमा दक्षिण ऑस्ट्रेलियात आहे.

१८६४-६५ साली त्या वसाहतीच्या उत्तर भागात भीषण अवर्षण पडले. मेंढ्यांचे मोठे कळप बाळगणारे पट्टेदार सवलतीसाठी सरकारकडे धावले. पाऊस नेमका कुठवर पोचला हे ठरविण्याचे काम सर्व्हेअर जनरल जॉर्ज गॉयडर यांच्याकडे आले. पर्जन्यमापके थोडी, नोंदी त्याहून थोड्या. गॉयडर घोड्यावर बसून शेकडो मैल हिंडले आणि त्यांनी वनस्पतींची साक्ष काढली. ओलीवर वाढणारी मॅलीची झाडोरी जिथे संपते आणि कोरड्यात तग धरणारी सॉल्टबुशची झुडपे जिथे सुरू होतात, तिथून त्यांनी रेषा ओढली. वर्षाला साधारण १० ते १२ इंच पावसाची ही मर्यादा. तिच्या दक्षिणेस हिवाळी पावसावर गहू भरवशाने येतो. उत्तरेस कधी येतो, कधी येत नाही.

या 'कधी येतो'नेच घात केला. १८७० नंतरची काही वर्षे चांगल्या पावसाची गेली. रेषेपलीकडेही पिके डोलू लागली आणि गॉयडर थट्टेचा विषय झाले. नांगरामागोमाग पाऊस येतो, अशी समजूत त्या काळी अमेरिकेच्या मैदानांत आणि ऑस्ट्रेलियातही प्रचलित होती. १८७४ साली कायदा बदलून रेषेचे बंधन काढून टाकण्यात आले. शेतकरी उत्तरेकडे सरकत गेले. १८७८ मध्ये तिकडे एका नव्या गावाला 'फरीना' असे नाव मिळाले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पीठ. १८८० पासून पुन्हा अवर्षणाची वर्षे आली, कर्जबाजारी कुटुंबे माघारी फिरली. त्यांच्या दगडी घरांचे अवशेष आजही त्या माळरानावर उभे आहेत. फरीनाही पुढे ओस पडले.

या कथेचा आपल्याशी एक धागा जुळतो. ॲडलेडचे शासकीय खगोलवेत्ते चार्ल्स टॉड यांनी १८८८ साली दाखवून दिले, की हिंदुस्थानातील आणि ऑस्ट्रेलियातील दुष्काळ बहुधा एकाच सुमारास पडतात. यामागे पॅसिफिक महासागरातील एल निनोचा हात असतो, हे विज्ञानाला पुष्कळ नंतर उमगले. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनचे जे हाल झाले, त्यामागेही एक प्रबळ एल निनो होता. अर्थात त्या दुष्काळाचा महादुष्काळ होण्यात राज्यकर्त्यांच्या धोरणाचा वाटा होताच.

गॉयडरचे मोठेपण असे, की त्यांनी चार सुकाळांना भुलून निष्कर्ष काढला नाही. झाडोरा चार वर्षांत उगवत नाही; अनेक दशकांच्या पावसाची ती जिवंत बखर असते. सरासरी पाऊस शेतकऱ्याला जगवीत नाही, त्याची नियमितता जगवते, हे त्यांनी त्या बखरीतून वाचले. पर्जन्यछायेत ज्वारी पेरणाऱ्या आपल्या पूर्वजांनाही हे ठाऊक होते.

परंतु आज ती रेषाही अढळ राहिलेली नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातील हिवाळी पाऊस गेल्या काही दशकांत घटला आहे, आणि रेषा दक्षिणेकडे सरकण्याची चर्चा अभ्यासक करीत आहेत. माणूस पाऊस बदलू शकतो, हे नांगराच्या भक्तांचे म्हणणे अखेर खरे ठरले म्हणायचे. दिशा तेवढी उलटी निघाली.