जानकी कुटीरहून मिजवांकडे

साल 1979, होळीचा दुसरा दिवस. जुहू चर्च रोडवरून आत वळलात की शेजारचं पृथ्वी थिएटर दिसतं, गेल्याच नोव्हेंबरात सुरू झालेलं. जानकी कुटीरच्या अंगणात पाऊल टाकता, तोच कुणीतरी तुमच्या गालाला गुलाल फासतं. तुम्ही कोण, कुठले, कुणी विचारत नाही. नट, दिग्दर्शक, इप्टा या नाट्यसंस्थेची पोरं, आजूबाजूचे, सगळे एका रंगाचे झालेत.

खुर्चीत बसलेले ते या घराचे यजमान, कवी-गीतकार कैफी आझमी. साठीचे. पांढऱ्या कुर्त्याची डावी बाही बघा: हात मांडीवर ठेवलेला, तिथून हलत नाही. 1973 साली मेंदूत रक्तस्राव झाला आणि डावी बाजू लुळी पडली. उजवा हात मात्र लिहिता आहे. माणसं वाकून रंग लावतात, ‘कागज़ के फूल’मधल्या गाण्यांचं कौतुक करतात, ‘हीर रांझा’चे सगळे संवाद पद्यात कसे जमवले ते विचारतात. ते ऐकून घेतात.

संध्याकाळी चौपाटीकडे निघा. हॉटेलांचे दिवे लागलेत, मोटारी एकामागून एक आत वळताहेत. इमला बांधणारा मजूर काम संपलं की त्याच इमल्याबाहेर पडतो, हे ‘मकान’ या कवितेत लिहिणारा कवी या झगमगाटाच्या इतका जवळ राहतो. त्याचं मन इथून का उडालं, हे मला तरी इथे उभं राहिल्यावर समजतं. वाहवा खूप मिळते, पण तिने कुणाच्या दारापर्यंत रस्ता जात नाही.

आता ऐंशीच्या दशकात या, थेट आझमगढ जिल्ह्यातल्या मिजवांला. कैफींचं जन्मगाव. पक्का रस्ता नाही, वीज नाही, टपाल कचेरीही नाही. मुंबईचे डॉक्टर दूर राहिले, अंग साथ देत नाही, तरी हा माणूस इथे येऊन राहिलाय. रस्त्यासाठी, टपाल कचेरीसाठी, मुलींच्या शाळेसाठी सरकारदरबारी खेटे घालणं चालू आहे. थकलेला लेखक शहराला कंटाळून गावी जातो, तसं हे जाणं नव्हतं. जुहूचं घर राहिलं, येणंजाणं राहिलं. पण म्हातारपणाची ताकद कुठे खर्चायची, ते त्यांनी ठरवून टाकलं होतं. मला हे त्यांच्या कोणत्याही गाण्याइतकंच मोठं वाटतं.

याच धडपडीतून 1993 मध्ये मिजवां वेल्फेअर सोसायटी उभी राहिली. गावातल्या मुली शिकू लागल्या, चिकनकारीतून कमावू लागल्या.